मनाला छडी मारू नका

ध्यानाला बसणाऱ्या माणसाइतका चिडका माणूस मी आजवर पाहिलेला नाही. ही कुणाची निंदा नव्हे. तो माणूस मीच होतो. पस्तीस वर्षे वर्गातल्या पोरांवर ‘गप्प बसा’ म्हणून ओरडण्यात घालवल्यावर, निवृत्त होताच आपणही जरा गप्प बसून पाहावे, अशी बुद्धी मला झाली. रोज पहाटे पाचला देवघरापुढे सतरंजी घालून, पाठ ताठ करून मी डोळे मिटू लागलो. आणि अर्ध्या तासाने उठे तो कपाळाला आठ्या घालूनच. चहा पाणचट, वर्तमानपत्र उशिरा, शेजारचा नळ वाहतो; कशावरूनही माझा भडका उडे. शेवटी एके दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी निकाल दिला : “अहो, तुम्ही ध्यानाला बसलात की घरातले आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसतो. त्यापेक्षा आणखी अर्धा तास झोपत का नाही?”

त्या निकालावर मी पुष्कळ दिवस अपील केले. आज मात्र तो मला मान्य आहे, आणि त्याच्याच आधारे हा लेख लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच की, स्वस्थ बसण्याची विद्या आपण लढाईच्या भाषेत शिकवतो, आणि तिथेच सारे बिघडते. मनाला जिंका, विचारांना हाकलून द्या, अशा आरोळ्या व्यासपीठावरून ऐकू येतात. बिचारा श्रोता घरी जाऊन डोळे मिटतो, तर दुसऱ्याच मिनिटाला त्याला गॅसचा सिलिंडर आठवतो. मग तो स्वतःवर संतापतो, चार दिवस झगडतो, आणि पाचव्या दिवशी ‘आपल्याला हे जमणारे नाही’ म्हणून सतरंजी गुंडाळून ठेवतो. किती घरांत अशा गुंडाळलेल्या सतरंज्या पडून असतील!

आता तर या रणभूमीवर यंत्रेही उतरली आहेत. माझ्या नातीने कौतुकाने माझ्या मोबाईलवर ध्यानाचे एक ॲप घालून दिले. आपण सलग किती दिवस बसलो याचा आकडा ते दाखवते. एक दिवस चुकला की आकडा पुन्हा शून्यावर. माझे एकेचाळीस दिवस भरले होते. बेचाळिसाव्या दिवशी पुतणीच्या लग्नाच्या धावपळीत बसणे राहिले, आणि मांडवात पंगती उठत असताना मी त्या शून्याचे सुतक पाळीत कोपऱ्यात बसून राहिलो. नात म्हणाली, “आजोबा, शाळा सुटली तरी तुमचं हजेरीपुस्तक काही सुटलं नाही!”

मन भटकते हा गुन्हा आहे काय? २०१० साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी सव्वादोन हजार माणसांना दिवसातून अवचित फोनवर गाठून विचारले, की या क्षणी तुमचे मन हातातल्या कामावर आहे की आणखी कुठे? सुमारे ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होते. भटकणारे मन सुखी नसते, असेही त्यांना आढळले, आणि ते मला मान्य आहे. परंतु जी गोष्ट सगळ्यांच्याच बाबतीत निम्मा वेळ घडते, तिच्यासाठी एकट्याने स्वतःला फटके मारून घेण्यात कोणता शहाणपणा?

आपल्याकडे लगेच गीतेचा सहावा अध्याय पुढे केला जातो. वारा नसलेल्या जागी न हलणारा दिवा, तसे योग्याचे चित्त. उपमा सुंदर आहे, यात शंका नाही. पण त्याच अध्यायात थोडे पुढे, गांडीव पेलणारा अर्जुन सरळ कबूल करतो की, मन आवरणे हे वारा आवरण्याइतके अवघड आहे. यावर श्रीकृष्ण त्याची हजामत करीत नाही. तुझे म्हणणे खरे आहे, असे तो आधी मान्य करतो, आणि मग अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगतो. अर्जुनाला जी सवलत मिळाली, ती तुम्हाआम्हाला का नको?

विनयपिटकात सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. चंपानगरीच्या श्रीमंताचा हा सुकुमार मुलगा चालत चालत ध्यान करताना पाय रक्तबंबाळ होईपर्यंत फेऱ्या घालीत राहिला. तरी काही साधेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. बुद्धाने त्याची पाठ थोपटली नाही की त्याला दटावलेही नाही. पूर्वाश्रमी तो वीणा वाजवीत असे, तेव्हा बुद्धाने वीणेचेच विचारले : तारा फार ताणल्या तर ती नीट वाजते का? आणि फार सैल सोडल्या तर? सोणाला उत्तर ठाऊक होते.

मला मात्र उत्तर ठाऊक नव्हते. ते मला एका पोराने शिकवले.

एका पहाटे असाच बसलो होतो. मन पुनःपुन्हा निसटत होते, आणि दर खेपेला आतून कुणीतरी खेकसत होते, ‘ढ आहेस! साधी गोष्ट जमत नाही!’ तो आवाज मी एकदम ओळखला. तो माझाच वर्गातला आवाज होता. फार वर्षांपूर्वी दुसरीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. त्याच्या हातून ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल होई. ‘घर’ लिही म्हटले की तो ‘धर’ लिही. मी त्याला सर्वांसमोर ढ म्हणत असे, आणि हातावर छड्याही देत असे. जितक्या छड्या वाढल्या तितका त्याचा हात अधिक कापू लागला, आणि अक्षर अधिकच बिघडले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत परत आलाच नाही. बाप बिगारीचे काम करी. कामामागे कुटुंब दुसरीकडे गेले असेल, असे मी मनाला समजावीत आलो. असेलही तसे. पण त्या पहाटे ते समाधान टिकले नाही. माझे डोळे भरून आले, आणि मी आयुष्यात प्रथमच खरोखर स्वस्थ बसलो.

वर्गातल्या छडीला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली. मनातल्या छडीला बंदी करणारा कायदा कुणी करू शकत नाही. ती ज्याची त्यानेच खाली ठेवायची असते.

यावर कुणी म्हणेल, मास्तर, हे लाड झाले. मनाला असे चुचकारीत बसलात तर ते डोक्यावर मिऱ्या वाटील. माझा त्यांना उलट प्रश्न आहे : चालायला शिकणारे मूल पडले तर त्याला तुम्ही मारता, की पुन्हा उभे करता? आणि उभे करता म्हणजे काय त्याचे चालणे बंद करता? मी बसण्यात सूट मागत नाही. रोज ठरल्या वेळी बसावे, कंटाळा आला तरी बसावे. शिस्त ती तेवढीच. बसल्यावर मन पळाले, की त्याला न रागावता श्वासाकडे परत आणावे. शंभर वेळा पळाले तर शंभर वेळा आणावे. हे परत आणणे म्हणजेच अभ्यास. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन-साडेतीन दिवस केवळ श्वास पाहण्यात जातात, आणि मन भटकले की धीराने पुन्हा आरंभ करा, असेच तिथे परोपरीने सांगतात. मीही तिथे राहून आलो होतो. पण पहाटे चारची घंटा तेवढी मी लक्षात ठेवली आणि धीराची सूचना विसरलो. मास्तरांना घंटाच तेवढी ऐकू येते!

आणखी एक सांगितलेच पाहिजे. डोळे मिटल्यावर ज्याला भीती दाटून येते किंवा जुने दुःख सोसवेनासे होते, त्याने हट्टाने बसू नये. डोळे उघडावे, चार पावले चालावे, आणि त्रास वाढला तर डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

आता मी वीसच मिनिटे बसतो. ते ॲप नातीकडून काढून घेतले. मन आजही सिलिंडरकडे जाते, शेजारच्या नळाकडे जाते, आणि कधी कधी त्या दुसरीच्या वर्गातही जाते. तिथून त्याला परत आणायची मी घाई करीत नाही. चहाविषयी सौभाग्यवतींकडे आता माझी तक्रार नसते. निदान रोज नसते, अशी त्यांची दुरुस्ती आहे.

या दिवाळीत उंबऱ्यावर पणत्या लावाल तेव्हा वारा असणारच. ज्योत हलली म्हणून कुणी पणतीवर ओरडत नाही. हाताचा आडोसा धरतो, विझली तर पुन्हा लावतो. वाचकहो, घरातल्या पोरांशी आणि स्वतःच्या मनाशी एवढेच करा.