गळीत हंगाम आणि हुकलेला डाव

मोरगावच्या मयूरेश्वरापासून अष्टविनायक यात्रेला प्रारंभ होतो. गावाचा परिसर जिरायती. पण येथून दक्षिणेला नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात उतरले की उसाचे राज्य सुरू होते. सोमेश्वर, माळेगाव आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा छत्रपती या सहकारी कारखान्यांची धुराडी पेटली, की बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या या भागात दाखल होतात. कोयत्यांची मोजदाद मुकादमाच्या वहीत होते. त्यांच्यासोबत आलेल्या मुलांची नोंद मात्र कोणत्याही क्रीडाशिक्षकाच्या वहीत होत नाही.

शालेय क्रीडा स्पर्धांची रचना तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी पायऱ्यापायऱ्यांची आहे. बहुतांश स्पर्धा पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत रंगतात. नेमक्या याच काळात दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांची कुटुंबे गाव सोडतात. मुलाचे नाव मूळ गावच्या हजेरीपटावर आणि तो स्वतः दोनशे किलोमीटरवरच्या फडात! गावची शाळा त्याला उतरवू शकत नाही आणि कारखान्याजवळच्या शाळेच्या पटावर त्याचे नाव नसते. पहिली पायरी हुकली की पुढचा जिनाच बंद होतो. मुलींची अवस्था आणखी बिकट. आई-वडील पहाटे फडात गेल्यावर कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळायचे ते त्यांनीच.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. राज्यात खेळाडू विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. उचल आणि फड यांच्या फेऱ्यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग मैदानातून जातो. पण त्याच्या दारावरच या मुलांना अडवले जाते.

श्रीमंत अमेरिकेलाही अशाच प्रश्नाने ग्रासले आहे. तेथे लॅटिनो वस्त्यांमध्ये फुटबॉल गल्लोगल्ली खेळला जातो. पण पुढे जाण्याची वाट महागड्या क्लबांतून जाते. शुल्क, दूरचे प्रवास आणि पालकांची नोकरीची वेळ या चाळणीत गुणवान मुले गळतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेचा संघ त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून १-२ असा हरला आणि २०१८च्या विश्वचषकाला मुकला, तेव्हा या पद्धतीवर तेथे जोरदार टीका झाली. तेथे अडसर प्रामुख्याने पैशाचा आहे, तर येथे पैशाच्या जोडीला स्थलांतराचाही.

त्याच महिन्यात भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. घराच्या ऐपतीऐवजी पायातील कौशल्य पाहणारी निवासी व्यवस्था काय करू शकते, याचे हे उदाहरण. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार यांसारख्या तालीम मंडळांनी पेठापेठांतून फुटबॉल जोपासला. परंतु पेठेचा आधार पेठेत राहणाऱ्याला मिळतो. सहा महिने कोपीत काढणाऱ्या मुलाला पेठही नसते आणि तालीमही. शहरांतील खासगी अकादमींचे शुल्क तर त्याच्या कल्पनेपलीकडचे.

उपाय अशक्य नाहीत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. त्यात ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांचे नियोजन होते. मुले गावीच राहिली तर शाळेबरोबर मैदानही टिकते; मात्र त्यासाठी वसतिगृहाला मैदान आणि प्रशिक्षक यांची जोड हवी. प्रबोधिनीच्या निवड चाचण्या टोळ्या निघण्यापूर्वी किंवा पट्टा पडल्यानंतर त्यांच्या गावाजवळ घेता येतील. स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी असलेल्या शिक्षण हमी पत्रकावर खेळाची नोंद करून कारखान्याजवळच्या शाळेतून उतरण्याची मुभाही देता येईल.

गाळपाचे वेळापत्रक कारखाने बदलणार नाहीत. तसे अपेक्षितही नाही. क्रीडा खात्याने आपले वेळापत्रक लवचीक करणे त्या तुलनेत कितीतरी सोपे आहे. अन्यथा नीरेच्या पाण्यावर ऊस दरवर्षी वाढत राहील आणि तो तोडणाऱ्यांची मुले मैदानाच्या कडेला उभी राहून इतरांचा खेळ पाहत राहतील.