वाघ नेमका किती मीटरवर?

शिकारीचे यंत्र कसे निवडावे, हा विषय घरगुती साप्ताहिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. गंमत अशी की, याच कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य प्राण्याला पकडणेही येते. वस्तीजवळ आलेल्या वाघाला भूल देऊन पिंजऱ्यात घालायचे म्हटले, तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. ही ‘शिकार’ आजही होते, आणि लखनौकरांनी ती अगदी जवळून पाहिली आहे.

शहराजवळ काकोरीच्या बाजूला रहमानखेडा आहे. आंब्यावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था इथलीच. 2012 साली या बागांमध्ये एक वाघ मुक्कामाला आला. त्याला पकडायला 108 दिवस लागले. डिसेंबर 2024मध्ये दुसरा आला. दुधव्याहून डायना आणि सुलोचना या हत्तिणी आणल्या, पिंजरे लावले, तरी तो 5 मार्च 2025पर्यंत हाती लागला नाही. त्या दिवशीही एका डार्टने भागले नाही, दुसरा मारावा लागला. मधल्या काळात, फेब्रुवारीत, शहरातल्या एका लग्नाच्या कार्यालयात बिबट्या शिरला, वऱ्हाडी रस्त्यावर पळाले. जुन्नर-आंबेगावच्या उसातले बिबटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

अशा वेळी पशुवैद्यकाच्या हातात असते ती भुलीची बंदूक. तिचा डार्ट म्हणजे खरे तर उडणारी इंजेक्शनची सिरिंज. ती वायूच्या दाबावर सुटते, आणि दाब किती ठेवायचा हे अंतरावर ठरते. डार्टचे आकारमान आणि अंतर यांचा तक्ता बंदुकीबरोबर असतो. वाघ 20 मीटरवर असताना 35 मीटरचा दाब ठेवला, तर डार्ट मांडीच्या स्नायूत थांबत नाही, हाडापर्यंत जाऊ शकतो. उलट चूक झाली तर तो वाटेतच पडतो, आणि सावध झालेले जनावर पुन्हा चार दिवस दिसत नाही. अंदाजाने अंतर सांगणारे अनुभवी लोक आहेत. परंतु संध्याकाळच्या उजेडात आणि धडधडत्या छातीने त्यांचाही अंदाज चुकतो.

म्हणून लेझर रेंजफाइंडर. लहान दुर्बिणीसारखे हे यंत्र डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा ठोका सोडते, आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे 30 सेंटिमीटर जातो. यंत्र इतका सूक्ष्म काळ मोजते.

खोक्यावर ‘1000 यार्ड’ असा मोठा आकडा छापलेला असतो. त्याला भुलू नये. तो चकचकीत पाटीसाठी असतो. जनावराच्या केसाळ अंगावरून प्रकाश फार कमी परततो. शिवाय भुलीचा डार्ट साधारण 40 मीटरच्या आतच मारतात. तेव्हा पाहायचे ते खालचे टोक: यंत्र पाच-सहा मीटरपासून नीट मोजते का?

त्याहून महत्त्वाची गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाही. गोल्फसाठी बनवलेली यंत्रे सहज मिळतात. पण मागची झाडे सोडून पुढचे निशाण पकडायचे, अशी त्यांची रचना असते. उसात किंवा आंब्याच्या फांद्यांआड हेच यंत्र पुढच्या पानाचे अंतर सांगेल आणि वाघ राहील मागे! शिकारीच्या यंत्रात सर्वांत दूरचा पदार्थ मोजण्याची सोय असते. ती हवीच. उतारावरच्या कोनाचा हिशेब करणारी महागडी सोय मात्र लखनौच्या सपाटीत फारशी कामाची नाही. हत्तीवर तीन मीटर उंच बसून 30 मीटरवर पाहिले, तर फरक वीतभरही पडत नाही. विहिरीत पडलेल्या बिबट्याची गोष्ट वेगळी.

यार्ड आणि मीटर यांचा घोळ टाळावा. 40 यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर. यंत्र यार्डावर आणि बंदुकीचा तक्ता मीटरमध्ये, असे झाले तर एवढे चांगले यंत्र घेऊनही दाब चुकणार. आतले आकडे लाल उजळणारे असावेत. काळे आकडे तिन्हीसांजेला झाडीवर दिसत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीतल्या लखनौच्या धुक्यापुढे मात्र यातले कोणतेही यंत्र हात टेकते. प्रकाश धुक्यावरूनच परततो आणि आकडा फसवा येतो. त्यावर उपाय जुनाच आहे. आमिष बांधल्यावर, ऊन असतानाच मचाणावरून आजूबाजूच्या ठळक झाडांची अंतरे मोजून कागदावर टिपून ठेवायची. मग वाघ कोणत्या झाडाजवळ आला एवढेच पाहायचे. मोजणारा एक आणि नेम धरणारा दुसरा असला, तर आणखी बरे.

आणि बॅटरी. यातल्या बऱ्याच यंत्रांना छोटी लिथियम बॅटरी लागते. ती गावातल्या किराणा दुकानात मिळेलच असे नाही. दोन जास्तीच्या बॅटऱ्या खिशात ठेवूनच निघावे.