थोर विद्यापीठांचीं दारें आणि गरिबांचीं मुलें

दहावीचा निकाल लागला म्हणजे शिक्षकांच्या खोलीशीं पालकांची वर्दळ सुरू होते. पेढे येतात, गुणपत्रिका हातोहात फिरतात, आणि मग हळूच प्रश्न निघतो: आतां पुढें काय? अशाच एका दिवशीं एक गृहस्थ आमच्याकडे आले. ते गवंडीकाम करितात. मुलाचें गणित उत्तम. म्हणून आम्हीं आय. आय. टी.चें नांव काढिलें. त्यासरशीं त्यांनीं हात जोडले व म्हणाले, "सर, ते मोठ्यांच्या पोरांचं. आमच्यानं झेपायचं नाही. याला दोन वर्षांचं कायतरी सांगा, म्हणजे हाताशी येईल." त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. हा हिशेब त्यांनीं फार पूर्वींच करून ठेविला होता, आणि आम्हांस वाईट वाटलें तें त्याचेंच.

आमचें मत असें आहे कीं, गरिबाच्या हुषार मुलास थोर विद्यापीठांपासून दूर ठेवण्यांत परीक्षेच्या काठिण्याइतकाच लहानसहान गोष्टींचा वाटा असतो. वेळेवर न कळलेली माहिती, न काढलेला दाखला, चार दिवसांत न जुळलेली रक्कम, आणि "तें आपलें नव्हे" असें वडील मंडळींनीं आधींच ठरवून टाकणें, या त्या गोष्टी होत. परीक्षा कठीण आहे हें कोण नाकारील? शहरांतील शिकवणीच्या वर्गांची फी ऐकून आमच्याही छातींत धस्स होतें. परंतु प्रश्नपत्रिका निदान सर्वांना एकच असते. बाकीच्या अडचणी मात्र श्रीमंताच्या मुलाच्या वाटेंत बहुधा येतच नाहींत.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांचें उदाहरण आपल्या मुलांना नेहमीं सांगितलें जातें, आणि तें बहुधा एकट्याच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितलें जातें. जिद्द होतीच. परळच्या चाळींतील एका खोलींत सारें बिऱ्हाड, आणि त्याच खोलींत अभ्यास. वडील सुभेदार रामजी प्रसंगीं लेकींचे दागिने गहाण टाकून मुलाला पुस्तकें आणून देत. पण त्या गोष्टींत आणखी एक गृहस्थ आहेत, आणि आम्ही शिक्षक असल्यामुळें आमची दृष्टि वारंवार त्यांच्याकडे जाते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलांत, म्हणजे आमच्यासारख्याच एका मिशन शाळेंत, शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेंत एक मुलगा नेमानें वाचीत बसलेला त्यांना दिसे. मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता. तो एल्फिन्स्टन हायस्कुलांत जात असे. तरी केळुसकरांनीं आपण होऊन त्याची विचारपूस केली व त्याला वाचावयास पुस्तकें दिलीं. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला, तेव्हां सत्काराच्या सभेंत स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांनीं त्यास भेट दिलें. पुढें कॉलेजचा खर्च घरीं झेपेनासा झाला, तेव्हां त्यांनींच त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढें नेऊन उभें केलें. महाराजांनीं दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति दिली, आणि १९१३ सालीं बडोदें संस्थानच्याच साहाय्यानें आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले.

यापुढचा भाग सभांतून क्वचितच सांगतात. १९१६ सालीं ते लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें गेले. पण १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. मग सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा सांठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं कांहीं दिला, नवल भथेना या पारशी मित्रानें कांहीं उसना दिला. तेव्हां कोठें १९२० सालीं ते पुन्हा लंडनला जाऊं शकले, व १९२३ सालीं त्यांना डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली. एवढ्या अलौकिक बुद्धीच्या पुरुषाचीं तीन वर्षें केवळ पैशाच्या अभावीं खर्चीं पडलीं! केळुसकर त्या दिवशीं दुसऱ्या वाटेनें घरीं गेले असते तर काय झालें असतें, याचा विचार आम्ही कधीं कधीं करितों.

हें सर्व जुन्या काळचें, असें कोणी म्हणेल. तर मग २०२४ सालची गोष्ट ऐकावी. उत्तर प्रदेशांतील मुझफ्फरनगर जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतील दलित मजुराचा मुलगा परीक्षा उत्तीर्ण होऊन धनबादच्या आय. आय. टी.मध्यें निवडला गेला. जागा राखण्यासाठीं २४ जून रोजीं सायंकाळीं पांच वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरावयाचे होते. गांवच्या लोकांनीं मिळून रक्कम उभी केली, पण ती हातीं येईपर्यंत वेळ संपत आली, आणि संगणकावर पैसे भरण्याचें काम अपुरें असतांनाच मुदत उलटली. जागा गेली. मुलानें अनुसूचित जाति आयोगाकडे दाद मागितली, उच्च न्यायालयांचीं दारें ठोठाविलीं, व अखेर तो सर्वोच्च न्यायालयांत गेला. ३० सप्टेंबर रोजीं त्या न्यायालयानें राज्यघटनेच्या १४२ व्या कलमाखालील आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा हुकूम केला. सर्वांनीं त्याचें अभिनंदन केलें, आणि तें योग्यच झालें. परंतु देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जाण्याचें धैर्य किती मजुरांच्या मुलांना होईल? जे घरींच बसले, त्यांचीं नांवें कोणत्या वर्तमानपत्रांत येणार?

म्हणून पालकांस आमचें कळकळीचें सांगणें असें कीं, अकरावीचें वर्ष लागतांच कागदपत्रांच्या मागें लागावें. जातीचा दाखला असल्यास त्याची पडताळणी करून वैधता प्रमाणपत्र काढावें. यास कित्येकदां महिनेच्या महिने जातात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ताजा असावा. इतर मागासवर्गीयांचें नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आय. आय. टी.साठीं केंद्र सरकारच्या नमुन्यांतील लागतें, आणि तेंही त्या वर्षाच्या १ एप्रिलनंतर काढलेलें. राज्याच्या नमुन्यांतील जुना कागद घेऊन गेलेलीं मुलें ऐनवेळीं रडकुंडीस येतात. हें सारें क्षुल्लक आहे हें खरें, पण क्षुल्लक म्हणून तें चुकत नाहीं.

आतां फीविषयीं, कारण गवंडीदादांच्या हिशेबांतली मोठी रक्कम तीच होती. २०१६ सालच्या निर्णयाप्रमाणें आय. आय. टी.मध्यें अनुसूचित जाति-जमातींच्या व अपंग विद्यार्थ्यांना शिकवणीची सर्व फी माफ आहे. इतरांपैकीं ज्यांच्या घरचें वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आंत आहे त्यांनाही सर्व फी माफ, आणि पांच लाखांच्या आंत असल्यास दोनतृतीयांश माफ. परदेशांत पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठीं अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्र सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शिष्यवृत्ति आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तींत अनुसूचित जातींबरोबर भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर यांच्या मुलांचाही समावेश आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व एम. आय. टी. हीं अमेरिकेंतील विद्यापीठें तर परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज तपासतांनाही त्याची सांपत्तिक स्थिति आड येऊं देत नाहींत, आणि निवड झाल्यास घरच्या ऐपतीबाहेरचा खर्च भरून काढतात. तेथें प्रवेश मिळणें महाकठीण, हें मात्र लपवीत नाहीं.

खानावळीचा, प्रवासाचा, कपड्यालत्त्यांचा खर्च उरतोच. आणि घरीं येणारी मजुरी चार वर्षें लांबते, ती वेगळीच. या बाबतींत आम्ही पालकांस दोष देणार नाहीं. ज्याच्या घरीं पावसाळ्याआधीं कौलें शाकारण्यास पैसे नाहींत, त्याला दूरचें फळ दाखविणें आम्हांस सोपें आहे.

एक कबुली येथें द्यावयास हवी. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एका शेतमजुराची मुलगी होती. पदार्थविज्ञानांत तिच्या तोडीचें दुसरें कोणी नव्हतें. तिनें आम्हांस मुंबईच्या मोठ्या संस्थेविषयीं विचारिलें. आम्हीं मोठ्या मायेनें तिला सांगितलें कीं, बाई, घरची स्थिति पाहा, जवळच्या कॉलेजांत नांव घाल. आम्ही स्वतः मिशनच्या बोर्डिंगांत राहून, दुसऱ्यांच्या देणगीवर पदवीधर झालों. तरी हें उत्तर आमच्या तोंडून गेलें. तिची फी माफ झाली असती हें आम्हांस पुढें कळलें. तिनें प्रश्न विचारिला होता आणि आम्हीं उत्तर दिलें होतें. चौकशी मात्र केली नव्हती. आज ती तालुक्याच्या गांवीं एका औषधांच्या दुकानांत हिशेब लिहिते. भेटली म्हणजे आदरानें नमस्कार करिते. तो नमस्कार घेणें आम्हांस जड जातें.

मुलांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जे. ई. ई. मेन ही परीक्षा २०२१ सालापासून मराठींतूनही देतां येते. पण तिच्यापुढची ॲडव्हान्स्ड परीक्षा इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत होते. तेव्हां मराठी माध्यमांतून आलेल्यांनीं अकरावीपासूनच विज्ञानाचीं इंग्रजी पुस्तकें जवळ करावीं, शब्द अडला तर बेलाशक विचारावा. दुसरी गोष्ट कटु आहे. आंत गेल्यावर सर्वच हंसून स्वागत करितात असें नाहीं. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत जातीवरून भेदभाव होतो असा निष्कर्ष डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीनें २००७ सालीं दिला होता. कोणी आडनांव विचारील, कोणी उच्चारास हंसेल. अशा वेळीं गप्प बसून झुरूं नये. घरीं सांगावें, आणि आम्हांस पत्र लिहावें अथवा फोन करावा. शाळा सोडल्यावर शिक्षकाचें नातें सुटतें, असा नियम आम्हीं तरी कोठें वाचलेला नाहीं.

गवंडीदादांचा मुलगा सध्यां अकरावींत आहे. त्याचें पुढें काय होईल तें आम्हांस ठाऊक नाहीं. पण त्याचा उत्पन्नाचा दाखला निघाला आहे, आणि जातपडताळणीचा अर्ज आम्हीं त्याच्या वडिलांबरोबर बसून भरला आहे. इतरांचेही भरावयाचे आहेत. शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही शिक्षकांच्या खोलींत असतों. येतांना शिधापत्रिका, वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि सर्वांच्या दोन दोन छायाप्रती आणाव्या.