अकरावीच्या अर्जाचा रकाना

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत फार थोडं लिहिलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी 2004 साली आली. आणीबाणीच्या काळातला नववीचा मुकुंद जोशी आजच्या मुलांनाही आपला वाटतो, कारण बोकील त्याला शहाणं करायला धावत नाहीत. अशी पुस्तकं अजून हवीत, आणि त्यांची माणसं बदलापूर लोकलच्या वाटेवर उभी आहेत. फाळणीनंतर याच वाटेवरच्या एका लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले, 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिथे आईशेजारी बसून जीन्सचे धागे कापणारी मुलगी मला दिसते. पणजोबांनी सगळं गमावून नव्यानं दुकान मांडल्याची गोष्ट ती शंभरदा ऐकून आहे. तिला स्वतःला काय मांडायचंय, हे कुणी विचारलेलं नाही. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिरात भिंतीवरच्या मूर्ती वहीत उतरवणारा मुलगाही दिसतो. घरी त्याच्यासाठी एमआयडीसीतली नोकरी ठरलेली. लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, शेवटच्या प्रकरणात या दोघांना घाईनं यशस्वी करू नका. ध्येय त्या वयात एका सकाळी सापडत नाही; ते चाचपडण्यात, मैत्रिणीच्या एखाद्या प्रश्नात, बापाशी धरलेल्या अबोल्यात हळूहळू दिसू लागतं. अकरावीच्या अर्जात शाखेच्या रकान्यापाशी हात थबकतो ना, कादंबरी तिथून सुरू करा.