रामजोशाच्या नावावरचा माफीनामा

सोलापुरातील ज्या घरी वेदशास्त्राचे अध्ययन आणि पुराणवाचन परंपरेने चालत आले होते, त्या घरातील धाकटा मुलगा तमाशाच्या फडात रमू लागला, आणि ही वार्ता कानी येताच थोरला भाऊ मुद्गल याने त्यास घराबाहेर काढले, येथून शाहीर रामजोशाच्या चरित्रास प्रारंभ होतो. बहुतेक चरित्रकारांच्या लेखी त्याची अखेर अशी होते की, पुढे कवी मोरोपंतांची गाठ पडली, पंतांनी त्याच्या अंगच्या कवित्वाची पारख केली, त्याला उपरती झाली, आणि डफ टाकून तो हरिदास झाला. गोष्ट गोड आहे, शाळेतल्या मुलांना सांगण्याजोगी आहे. आणि तिचे हे गोडपणच तिच्याविषयी संशय घेण्याचे पहिले कारण आहे.

या खटल्यात आजवर दोन पक्ष उभे राहिले. फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे की, संस्कृत काव्यशास्त्र जाणणाऱ्या विद्वान ब्राह्मणाने आपली प्रतिभा तमासगिरांच्या संगतीत नासवली. बचावाचे वकील म्हणतात, नासवली खरी, पण पुढे मोरोपंतांच्या आर्या गाऊन त्याने त्या पापाचे क्षालन केले, सबब त्यास माफी असावी. दोन्ही कैफियती बारकाईने वाचल्या तर असे दिसते की, तमाशा हा अपराधच होय या कलमावर दोघांचीही बिनतक्रार सही आहे. तंटा आहे तो केवळ शिक्षेच्या मुदतीचा. माझी हरकत त्या कलमालाच आहे. रामजोशाने असा माफीनामा लिहून दिल्याचा पुरावा त्याच्या रचनेत मला कोठे आढळत नाही. तो त्याच्या नावावर त्याच्या चाहत्यांनी लिहिला.

आधी कालाची रुजुवात घालू. मोरोपंत 1794 साली निवर्तले; तेव्हा त्यांच्या उपदेशाने जी उपरती व्हायची ती त्यापूर्वीच होऊन गेलेली असली पाहिजे. दुसरा बाजीराव गादीवर आला 1796 साली. आणि या बाजीरावाच्या आश्रयाने ज्या शाहिरांनी पुण्याच्या बैठका रंगवल्या त्यांच्या नामावळीत, होनाजी-सगनभाऊंच्या जोडीने, रामजोशाचे नाव तेच चरित्रकार मोठ्या अभिमानाने देतात! 1812 च्या सुमारास संपलेल्या आयुष्यात उपरतीनंतरही जर शाहिरीचा दरबारी मान चालू राहिला असेल, तर डफ नेमका टाकला केव्हा? मला तर असे वाटते की तो टाकलाच गेला नाही. कधी खुंटीवर टांगला, कधी खाली काढला, इतकेच.

दुसरी शंका याहून गंभीर आहे. संगमनेरचा अनंत फंदी हाही ब्राह्मण, हाही फडात रंगलेला. आणि त्याच्याविषयीही नेमकी हीच कथा सांगतात की, अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला. एका ठिकाणी पुण्यश्लोक राणी, दुसऱ्या ठिकाणी महापंडित कवी. बाकी साचा तोच, ओतीव काम तेच. गवळी होनाजीला, शिंपी परशरामाला किंवा शिकलगार सगनभाऊला अशी उपरती झाल्याची कथा कोणी रचलेली नाही. त्यांनी लावणी गायिली तर त्यात सुधारण्यासारखे काही आहे, असे कथा रचणाऱ्यांना वाटलेच नाही. उपरतीची गरज शाहिराला नव्हती, ती त्याच्या जातीच्या अब्रूला होती.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू, कारण अखेर साक्ष तिचीच. रामजोशाच्या सर्वांत गाजलेल्या शृंगारिक लावणीत एक स्त्री क्षणमात्र दृष्टीस पडते आणि हवेलीत नाहीशी होते. ओळ लहान लहान तुकड्यांत मोडलेली, प्रत्येक तुकड्याला मागच्याशी जुळणारे यमक, त्यामुळे गाणाऱ्याला दम घ्यायला उसंत नाही आणि ऐकणाराची मानही तुकड्यागणिक वळते. नजरेची लगबग शब्दांनी नव्हे, लयीने दाखवली आहे. याच्या शेजारी त्याची ती उपदेशपर लावणी ठेवा, जीत जटा वाढवणाऱ्या, कपडे रंगवणाऱ्या दांभिक साधूची त्याने हजेरी घेतली आहे. तेथे ‘ट’ हे कठोर व्यंजन ओळीत इतक्या वेळा आदळते की डफावरची थापच ऐकू यावी. विषय वैराग्याचा, नाद फडाचा! ज्या रचनेला उपरतीनंतरची म्हणून मान द्यायचा तीसुद्धा तमाशाच्या हातोटीवाचून एक कडवेभर उभी राहत नाही. शृंगार रंगवणारा रामजोशी निराळा आणि उपदेश करणारा निराळा, अशी वाटणी करणाऱ्यांनी कान बंद ठेवून नुसता मजकूर वाचला असला पाहिजे.

मोरोपंतांच्या आर्या रामजोशाने कीर्तनांतून लोकांत नेल्या, हे श्रेय बचावाचे वकील त्याच्या पुण्याच्या खात्यावर जमा करतात. जरूर करावे, पण ती शक्ती त्याने मिळवली कोठे, हेही लिहावे. पंतांची आर्या म्हणजे लांबलचक समास, दूरान्वय आणि यमकांची दाटी. ती पोथीत वाचतानाही अडखळायला होते. तिचा अर्थ हजार माणसांच्या मेळ्याला एका ऐकण्यात उलगडून दाखवायचा, तर कोठे थांबावे, कोणता शब्द दोनदा घोळावा, श्रोता जांभई देण्यापूर्वी कोठे विनोद पेरावा, याची जाण हवी. ही विद्या पाठशाळेत मिळत नसे. पहाटेपर्यंत माणूस जागेवरून उठू न देणाऱ्या फडातच ती मिळे. सवाल टाकून जबाब लांबवणारा शाहीर आणि शंका उपस्थित करून उत्तररंगात तिचे निरसन करणारा हरिदास हे एकाच वाड्याच्या दोन दरवाजांतून ये-जा करणारे गृहस्थ आहेत. आणि पंतांनी त्याला ओळखले ते काही सुधारण्याजोगा पतित म्हणून नव्हे. यमक-अनुप्रासांत सारी हयात घालवलेल्या त्या कारागिराला दुसरा कारागीर दिसला, इतके सरळ कारण पुरेसे आहे.

राहिला तिसरा, अलीकडचा आक्षेप. आणि तो मला पहिल्या दोहोंपेक्षा वजनदार वाटतो. तो असा की, या पंडिताने लावणीत संस्कृत घुसवले, चक्क संस्कृत लावण्या रचल्या, आणि बहुजनांच्या कलेवर विद्वत्तेची मोहोर उठवून कीर्ती मात्र स्वतःच्या पदरात पाडून घेतली. यातला पूर्वार्ध मी मान्य करणार नाही. सोलापूर हे गाव मुळातच सरहद्दीवरचे; सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी मराठी आणि कानडी एका दमात बोलली जाते, जोडीला तेलुगू आणि दखनी असतेच. अशा गावातला कवी एका रचनेत अनेक भाषा गुंफतो, तेव्हा त्यात पांडित्याचा दिमाख थोडा आणि बाजारपेठेतली सवय अधिक असते. संस्कृत ही त्याच्या घरातली बोली, ती त्याने चौथी-पाचवी म्हणून त्यांत मिसळली. शिवाय अशा शब्दखेळाची हौस फडालाही होतीच. भेदिक लावणीतली कोडी काय सोपी असतात?

उत्तरार्ध मात्र नाकारता येत नाही. धोंडीबा शाहिराच्या फडात तो वाढला. बया तमासगिरीण त्याच्या लावण्यांना आवाज आणि अंग देत होती, असे परंपरा सांगते. धोंडीबाचे नाव चरित्रात एका वाक्यापुरते येते. बयेचे तर दीडशे वर्षे नावापलीकडे काही उरले नव्हते. 1947 साली राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या बोलपटात हंसा वाडकरांनी तिला चेहरा दिला, जयराम शिलेदारांनी रामजोशी उभा केला, माडगूळकरांनी शब्द दिले, वसंत देसाईंनी चाली दिल्या, आणि तमाशापटांची लाट सुरू झाली. तिकिटाच्या खिडकीशी गर्दी करणाऱ्या त्या प्रेक्षकांनी उपरतीच्या प्रसंगासाठी पैसे मोजले नव्हते, हे सांगायला साक्षीदार नको.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, संक्रांतीच्या बोचऱ्या थंडीत, एका राहुटीच्या मागे मी एक म्हातारा डफवाला पाहिला होता. थंडीने ढिले पडलेले कातडे तो शेकोटीवर धरी, फिरवी, कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारी, मान हलवी, पुन्हा शेके. आत कनातीत लोक शिट्ट्या मारत होते, कोणी तरी दोनदा येऊन घाई करून गेले. त्याने वर पाहिले नाही. पाचव्या-सहाव्या टिचकीला आवाज हवा तसा निघाला, तेव्हा डफ बगलेत मारून तो उठला. रामजोशाच्या एकेका लावणीमागे असा एकेक हात असला पाहिजे. त्यांतल्या एकाचेही नाव कोणत्या दफ्तरात चढलेले नाही.