'येतोस का?' की 'ये'?

परवा घाटकोपर स्टेशनवर एक आई लेकाला विनवत होती, "बाळा, प्लीज मागे येतोस का?" तो म्हणाला, "नाही!" तेवढ्यात फास्ट गाडी धडधडत आली. मीच त्याला मागे ओढलं. काळजात धस्स झालं!

मैत्रिणींनो, चूक त्याची नव्हती. आईनं विचारलं, त्यानं उत्तर दिलं. 'नाही' चालणार असेल तिथंच विचारावं, "पोळी हवी की भात?" एरवी न ओरडता, नेमकं सांगावं, "पिवळ्या पट्टीच्या मागे उभा राहा."

1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी मुलांच्या स्वातंत्र्याचा आग्रह धरला. पण स्वातंत्र्य म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. प्रेमानं सांगा, पण सांगा!