माळवदावरची माती

सोलापुरातील एका व्यापारी कुटुंबाचा उमरगा तालुक्यात वडिलोपार्जित वाडा आहे. पेढी शहरात आल्याला दोन पिढ्या झाल्या. तरी घरातील वृद्ध आई वर्षातले सहा महिने वाड्यातच राहतात. वैशाख लागला की दोघे बंधू सुट्टीच्या दिवशी मुलांसह गावी जातात आणि पावसापूर्वीची डागडुजी उरकून रात्री परततात. चातुर्मासात माती उकरायची नाही, हा घरचा दंडक. शिवाय वैशाखात माळवदावरचे गवत वाळलेले असते. ते काढताना जीवजंतूंची हानी कमी होते.

जिथे गळले तिथे पांढऱ्या मातीच्या चार पाट्या टाकायच्या आणि धुमसाने चोपायच्या, ही वडिलांपासूनची रीत. यंदा थोरल्यांच्या मुलाने एका कोपऱ्यात सळई खुपसून पाहिली. ती दोन फूट आत गेली. पेढीवर वजनकाट्याशी वाढलेला मुलगा. त्याने तिथेच हिशेब मांडला. माजघर १० फूट रुंद, १५ फूट लांब. दोन फूट थर म्हणजे ३०० घनफूट माती. घनफुटाला सुमारे ४५ किलो धरले, तरी साडेतेरा टन. दहा टनी मालमोटार भरून वर माती उरेल, एवढा भार आईंच्या खाटेवर तोलून धरलेला होता, आणि पाऊस मुरला की तो आणखी वाढणार.

थोरल्यांना हे पटेना. "ही मातीच घर थंड ठेवते. कमी केली तर पहिल्याच पावसात गळेल," ते म्हणाले.

त्यांची शंका पोकळ नव्हती. उन्हाळ्यात माळवदासारखा गारवा पत्र्याखाली मिळत नाही. पण पाणी अडते ते जाडीने नव्हे. थर नीट चोपलेला हवा, पन्हळीकडे उतार हवा आणि पन्हळ मोकळी हवी. खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरला तर बेताचा थरही पुरतो.

वादावर पडदा आईंनी टाकला. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट त्यांना आठवली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचा उपवास झालेला, गावोगाव गणपतींचे विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपलेली, आणि चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. दगडमातीच्या भिंती फुटल्या आणि वरचे जड माळवद झोपलेल्यांवर आले. "त्यानंतर तीस वर्षे आपण वर मातीच टाकत आलो, अण्णा," एवढेच त्या थोरल्यांना म्हणाल्या.

माती उतरवणे हे घरच्यांना जमणारे काम आहे. मात्र त्याचा क्रम चुकवून चालत नाही. आधी खालून तुळयांना टेकू द्यायचे. मग सगळीकडून सारखी, पातळ थराथराने, लहान पाट्यांतून माती काढायची. एका बाजूला ढीग केला तर तिथलीच तुळई मोडते. उतरवलेली माती भिंतीला टेकवून ठेवू नये, ती ओल धरते. थर किती ठेवायचा, हे मात्र जाणत्या गवंड्याला विचारूनच ठरवावे.

तीन रविवार गेले. माती निघाल्यावर किलचण दिसू लागली आणि उत्तरेकडील तुळईचे भिंतीत रुतलेले टोक हाताने भुगा होईल इतके कुजलेले निघाले. बाकीचे लाकूड टणक होते. वाळवीने खाल्ले ते फक्त तेवढेच टोक, जिथे वर्षानुवर्षे ओल मुरत होती. औषध फवारण्याची घाई धाकट्यांना होती; गवंड्याने ओल तोडा म्हणून सांगितले, आणि ते घरात सर्वांनाच मानवले.

भिंतीचे काम घरच्यांचे नव्हे. आतली व बाहेरची अशा दोन पाख्या आणि मधे गोटेमाती, अशी ती बांधणी. दोहोंना धरून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नाहीत. पश्चिमेच्या भिंतीला तर पोट सुटले आहे. तिथे ठरावीक अंतराने भोके पाडून आरपार दगड बसवायचे आणि खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे लोखंडी आधार द्यायचे, असे ठरले. खर्च दोघा भावांनी निम्मा निम्मा वाटून घेतला. वाटणीपत्रात या वाड्याचा उल्लेखच नव्हता, हे तेव्हा ध्यानात आले.

गवंडी मृगाआधी येतो म्हणाला आहे. तोवर आईंची खाट ओसरीवर, पत्र्याच्या पडवीखाली हलवली आहे. तिथे दुपारी फार उकडते, अशी त्यांची तक्रार आहे.